जुनी आणि नवी ग्राफिक्स कार्डे : कार्यक्षमतेच्या तुलनेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या कांदा बाजारभावाच्या तक्त्यात 'पिंपळगाव(ब) - सायखेडा' अशी एक ओळ येते. निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या या उपबाजारातील आवक व दर शेतकरी आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मराठीत वाचतो, आणि त्यात काही विशेष आहे असे त्याला वाटत नाही. वास्तविक या एका ओळीमागे सुमारे चार दशकांचा तांत्रिक इतिहास उभा आहे. 'पिंपळगाव' या शब्दातील वेलांटी उच्चारात 'प'नंतर येते, परंतु लिहिताना ती 'प'च्या आधी काढावी लागते. अनुस्वार तर शिरोरेषेच्याही वर जातो. रोमन लिपीसाठी घडविलेल्या यंत्राला हे शिकवावे लागले. ते शिकविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुण्यात झाला आणि त्याचे साधन होते एक कार्ड.

संगणकातील माहितीचे पडद्यावरील चित्रात रूपांतर करणाऱ्या जोड-पट्टिकेस ग्राफिक्स कार्ड असे म्हणतात. जुन्या व नव्या कार्डांची तुलना करण्याची एक रूढ पद्धत आहे : दर सेकंदाला किती चित्रे, किती मेमरी, किती गणिती क्रिया. या पद्धतीने नवे कार्ड नेहमीच जिंकते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला हा निकाल जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. कारण येथे मोजपट्टी नव्या काळाची असते आणि तिने मोजले जाते ते जुन्या काळाचे काम. शिवकालीन रस्त्याची योग्यता मोटारीच्या वेगाने ठरविण्यासारखाच हा प्रकार होय. एखाद्या कार्डाकडून त्याच्या काळी कोणते काम अपेक्षित होते व ते त्याने किती पूर्णत्वाने केले, हा प्रश्न प्रस्तुत लेखात केंद्रस्थानी ठेवला आहे. मराठीच्या संदर्भात तो विचारला असता काहीसे अनपेक्षित चित्र समोर येते.

दोन हजार अक्षरांचा पडदा

आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासोबत दोन प्रकारची कार्डे उपलब्ध होती. त्यांपैकी एकरंगी कार्डाची मेमरी अवघी ४ किलोबाइट होती. आजच्या वाचकास ही संख्या हास्यास्पद वाटेल. परंतु हिशेब पाहिला म्हणजे तिचे औचित्य ध्यानात येते. पडद्यावर ८० रकाने व २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरे मावत. प्रत्येक अक्षरास एक बाइट त्याच्या ओळखीसाठी आणि एक बाइट त्याच्या ठळकपणासारख्या गुणांसाठी लागे. एकूण ४,००० बाइट. कामास जेवढे हवे होते तेवढे कार्डात होते.

अडचण होती ती वेगळीच. अक्षरांची २५६ रूपे कार्डावरील चिपमध्ये कायमची कोरलेली होती आणि पडद्यावरील सुट्या बिंदूवर या कार्डाचा ताबाच नव्हता. इंग्रजी पत्रव्यवहारास ते उत्कृष्ट होते. मराठीतील एक साधा अर्जही त्यावर उमटविणे शक्य नव्हते. दुसरे, म्हणजे रंगीत कार्ड बिंदू रंगवू शके. पण ६४० गुणिले २०० एवढ्या विरळ बिंदूंत काना, मात्रा व रफार स्पष्ट उमटणे कठीणच होते.

ही अडचण केवळ भारतीय लिपींची नव्हती. व्हॅन सुवन्नुकुल या थाई भाषक अभियंत्याला आपला पीएच.डी.चा प्रबंध थाई लिपीत तयार करावयाचा होता व उपलब्ध कार्डांवर ते होईना. त्यातून १९८२ साली ७२० गुणिले ३४८ बिंदूंचे हर्क्युलस कार्ड जन्मास आले. पुढे हे कार्ड जगभरच्या कार्यालयांत आलेख व तक्ते काढण्यासाठी वापरले गेले आणि भारतात आलेल्या अनेक पीसी-एक्सटी यंत्रांतही याच पद्धतीचे एकरंगी कार्ड असे. ग्राफिक्स कार्डाच्या इतिहासाची मांडणी बहुधा खेळांच्या अंगाने होते. एका मान्यवर कार्डाचा उगम एका विद्यार्थ्याच्या मातृभाषेतील प्रबंधात आहे, ही गोष्ट त्या मांडणीत सहसा येत नाही.

जिस्ट कार्ड

भारतात देवनागरीसाठी असे प्रयत्न कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या पुढाकाराने चालू होते. १९८३ साली दिल्लीस भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनाच्या वेळी तेथील देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक झाले. या कामातील प्रमुख अभियंते मोहन तांबे पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना मार्च १९८८ मधील. महासंगणक बनविण्यासाठी डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था उभी राहिली. 'परम ८०००' (१९९१) या महासंगणकामुळे तिचे नाव झाले. त्या तेजात तेथेच विकसित झालेले जिस्ट कार्ड काहीसे झाकोळले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. 'ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी' या नावातील पहिलाच शब्द 'ग्राफिक्स' आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

या कार्डाची गरज का भासली? महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. शासनव्यवहार मराठीत व्हावा हे धोरण जुने; मात्र संगणक आले ते इंग्रजी घेऊन. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत प्रायोगिक योजना १९८८-८९ मध्ये देशातील ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. सातबारा हा दस्तऐवजच असा की खातेदाराचे नाव रोमन लिपीत लिहिले तर त्याचा अर्थ बदलू शकतो. 'काळे' आणि 'काले' यांतील भेद रोमन लिपी राखत नाही.

जिस्ट कार्ड संगणकाच्या मोकळ्या खाचेत बसविले जाई. वर्डस्टार, डीबेस, लोटस यांसारख्या इंग्रजी आज्ञावली मुळीच न बदलता त्यांत भारतीय लिपींतून काम करता येई. आज्ञावलीच्या दृष्टीने ती केवळ सांकेतिक क्रमांकांची ओळ असे. त्या क्रमांकांतून वेलांटी योग्य जागी नेणे, रफार पुढच्या अक्षरावर चढविणे, जोडाक्षर घडविणे हे काम कार्डाच्या पातळीवर होई. म्हणजे लिपीचे व्याकरण कार्डाला ठाऊक होते.

उदाहरणार्थ, 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द घेऊ. गोदावरी जेथे उगम पावते व पुढे नाशिक ओलांडून सायखेड्यास येते, त्या गावाचे हे नाव कोणत्याही देवनागरी यंत्रणेची चांगली परीक्षा घेते. डोळ्यांना त्यात पाच अक्षरे दिसतात : त्र्यं, ब, के, श्व, र. इस्की या भारतीय संकेतप्रणालीनुसार (१९८८, भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१) ते तेरा संकेतांचे आहे : त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. डीबेसमध्ये गावाच्या नावासाठी १० जागांचा रकाना ठेवला तर तो 'त्र्यंबकेश' येथेच तुटे. अशा गैरसोयी होत्या. परंतु साठविलेले तेरा संकेत उच्चाराच्या क्रमाने होते, त्यांत कोणत्याही विशिष्ट वळणाच्या अक्षराकृतीचा संबंध नव्हता, आणि वर्णक्रमही बव्हंशी पाळला जात असल्याने नावांची याद्यांतील मांडणी यंत्राकरवी करता येई. शिवाय तेच संकेत कन्नड वा गुजराती लिपीत दाखवावयाचे तर कार्डाला तशी आज्ञा देणे पुरेसे होते.

वेगाच्या कोणत्याही आधुनिक कसोटीवर या कार्डाची कामगिरी नगण्य ठरेल. किंबहुना ती कसोटी त्यावर चालणारच नाही.

आकृती साठविणारी यंत्रे

१९८७ साली व्ही.जी.ए. कार्ड आले, त्याचा पडदा ६४० गुणिले ४८० बिंदूंचा होता. १९९२ च्या विंडोज ३.१ सोबत लहानमोठी करता येणारी ट्रूटाइप अक्षरे आली आणि पडद्यावर खिडक्या भराभर रंगविणारी 'अॅक्सिलरेटर' कार्डे विकली जाऊ लागली. कोणतीही आकृती काढता येऊ लागल्यावर लिपीसाठी स्वतंत्र कार्ड कशाला, असा विचार होणे स्वाभाविक होते. श्रीलिपी, आकृती यांसारख्या मराठी मुद्रणप्रणालींनी याच काळात छपाईचा कायापालट केला. अक्षरे सुबक झाली, मासिके व गौरवग्रंथ घरच्या संगणकावर जुळविता येऊ लागले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

मात्र या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत साठविले जात होते ते अक्षर नव्हे, तर त्याचा आकार. अर्धा 'श' हा एक आकार, काना हा दुसरा, वेलांटी हा तिसरा. आणि तेही डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. परिणामी 'निफाड', 'दिंडोरी' आणि 'सिन्नर' हे तिन्ही शब्द फाइलमध्ये वेलांटीनेच सुरू होत. नाशिक जिल्ह्यातील तालुक्यांची यादी अशा फाइलमध्ये यंत्राकरवी वर्णानुक्रमे लावू गेल्यास हे तीन तालुके एकत्र गोळा व्हावेत, हे ओघानेच आले. त्यात प्रत्येक उत्पादकाचा आकारक्रम निराळा. फाँट हरपला की मजकूर अगम्य चिन्हांचा ढीग होई. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठीत टंकलिखित केलेला एम.फिल.चा प्रबंध आज उघडू पाहणाऱ्या कोणाही प्राध्यापकास हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे तुलना उलटते. चित्रे रंगविण्याच्या वेगात ही यंत्रे जिस्ट कार्डाच्या कितीतरी पुढे होती. मजकूर मजकूर म्हणून टिकविण्यात मागे होती. १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की-८८ वर आधारलेली असल्याने इस्कीतील फाइल जवळजवळ एकास एक या पद्धतीने आजच्या संकेतांत नेता येते. फाँटबद्ध फाइलसाठी प्रत्येक फाँटागणिक वेगळी परिवर्तन-सारणी लागते आणि तरीही हस्तलिखिताप्रमाणे शुद्धिपत्र तपासावे लागते. अभिलेखाच्या दृष्टीने टिकाऊपणा हीच कामगिरी मानली, तर १९८०च्या दशकाच्या अखेरचे कार्ड १९९०च्या दशकातील यंत्रांहून सरस ठरते.

विंडोज २००० मध्ये युनिकोडवर चालणारी मराठी आली. तिच्यातील 'मंगल' हा फाँट सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी घडविलेला. जिस्ट कार्ड जे काम खाचेत बसून करी, ते आता संगणकाचा मुख्य प्रक्रियक करू लागला. आय.एस.ए. प्रकारची जुनी खाचही नव्या संगणकांतून लवकरच दिसेनाशी झाली.

कसोट्या व त्यांची विश्वसनीयता

याच सुमारास ग्राफिक्स कार्ड खेळांकडे वळले. थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'व्हूडू' (१९९६) केवळ त्रिमिती चित्रे काढी. साध्या पडद्यासाठी शेजारी दुसरे कार्ड ठेवावे लागे. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' सोबत 'जी.पी.यू.' ही संज्ञा रूढ केली. कार्डांची संख्या व किमती वाढल्यावर तुलनेसाठी प्रमाणित कसोट्या निघाल्या, आणि कसोटी आली की कसोटीपुरता अभ्यासही आला. २००१ साली एटीआय कंपनीच्या कार्डासोबतचा ड्रायव्हर 'क्वेक ३' हा खेळ त्याच्या नावावरून ओळखतो व चित्राचा दर्जा उतरवून वेग वाढवितो, असे परीक्षकांनी दाखविले. खेळाच्या फाइलचे नाव बदलताच वेग घटे. २००३ च्या मे महिन्यात फ्यूचरमार्क या कसोटीकर्त्या संस्थेने एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर असाच ठपका ठेवला आणि जूनमध्ये दोघांच्या संयुक्त निवेदनात त्याला 'विशिष्ट आज्ञावलीसाठीची सुधारणा' असे सौम्य नाव मिळाले. बखरकाराचा आश्रयदाता कोण होता, हे विचारल्याशिवाय इतिहासकार बखर वापरत नाही. कसोटीच्या आकड्यालाही तोच नियम लावावयास हवा.

प्रामाणिक आकडेही एकाच दिशेने बोलत नाहीत. २००६ चे 'जीफोर्स ८८०० जीटीएक्स' आणि २०२२ चे 'जीफोर्स आरटीएक्स ४०९०' ही दोन्ही आपापल्या काळची अग्रगण्य कार्डे. पहिल्यात ६८.१ कोटी ट्रान्झिस्टर होते, दुसऱ्यात ७,६३० कोटी. पहिल्याची कमाल गणनशक्ती सेकंदाला सुमारे ३४,५६० कोटी क्रिया, दुसऱ्याची सुमारे ८२.६ लाख कोटी. म्हणजे वाढ जवळपास २४० पट. मेमरी ७६८ मेगाबाइटवरून २४ गिगाबाइट, म्हणजे ३२ पट. परंतु मेमरीतून प्रक्रियकाकडे माहिती वाहून नेण्याचा कमाल वेग सेकंदाला ८६.४ गिगाबाइटवरून १,००८ गिगाबाइटवर गेला. ही वाढ १२ पटींहूनही कमी आहे. दोन्ही कार्डांतील वहनमार्गाची रुंदी तर तीच, ३८४ बिट. घाण्यांची संख्या २४० पट व्हावी आणि ऊस आणणाऱ्या रस्त्याची क्षमता बारा पटच वाढावी, तसा हा प्रकार. ज्या कामात गणित अधिक व माहितीची ने-आण कमी, तेथे नवे कार्ड दीडदोनशे पटींच्या जवळ जाऊ शकते. जेथे ने-आणच मुख्य, तेथे त्याची आघाडी बारा पटींच्या आसपास अडखळते. 'नवे कार्ड किती पट चांगले' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

आणखी एका मोहापासून दूर राहणे अगत्याचे आहे. सी-डॅकच्या 'परम १०,०००' (१९९८) या महासंगणकाची कमाल क्षमता १०० गिगाफ्लॉप होती. आठ वर्षांनंतरच्या वरील कार्डाची ३४५ गिगाफ्लॉपच्या घरात. यावरून खेळाच्या कार्डाने महासंगणकास तिप्पट मागे टाकले असे म्हणणे आकर्षक, पण चुकीचे. वैज्ञानिक गणनेस लागणारी ६४ बिट अचूकता त्या कार्डात मुळीच नव्हती. तोळ्याने मोजलेले सोने आणि शेराने मोजलेले धान्य यांच्या केवळ संख्या शेजारी मांडून काही हाती लागत नाही.

नारायणगाव ते पाषाण

खेळांसाठी वाढलेली ही गणनशक्ती शास्त्रज्ञांच्या हाती कशी आली, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण नाशिक-पुणे मार्गालगत आहे. नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जी.एम.आर.टी. आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येक दोघींच्या संकेतांची तुलना करावयाची, तर जोड्या होतात ४३५. आरंभी हे काम खास घडविलेली मंडले करीत, नंतर सामान्य संगणकांचा समूह करू लागला. तेव्हा एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळला जाई. दुर्बीण अद्ययावत करताना ग्राफिक्स कार्डे वापरण्यात आली व हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. येथे कार्डाची कसोटी कठोर आहे. एका सेकंदात आलेला संकेत एका सेकंदाच्या आत निकालात निघाला पाहिजे, अन्यथा मागून येणाऱ्या संकेताला जागा उरत नाही.

पुढे सी-डॅकच्याच 'परम सिद्धी-एआय' या यंत्राने नोव्हेंबर २०२० च्या जागतिक सूचीत ६३ वे स्थान मिळविले. त्याची क्षमता दोन प्रकारे सांगितली जाते : ५.२६७ पेटाफ्लॉप आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हिशेबाने २१० पेटाफ्लॉप. एकच यंत्र आणि फरक ४० पटींचा. कारण दुसऱ्या मोजणीत प्रत्येक संख्येसाठी कमी अंक पुरेसे मानले आहेत. त्यातील एनव्हिडिया ए-१०० या पट्टिकेला पडदा जोडण्याची सोयच नाही. जिस्ट कार्डाचे सारे प्रयोजन पडद्यावर अक्षर उमटविणे हे होते. त्याच संस्थेत तीन दशकांनी ग्राफिक्स कार्डाचा जो वंशज आला, त्याला पडदाच ठाऊक नाही. मात्र त्याच्याकडून होणाऱ्या कामांत भाषांतर व वाक्‌-ओळख ही कामे आहेत. कार्ड पुन्हा भाषेकडे आले, असे म्हणता येईल.

ते आले ते कोणत्या अटींवर, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. 'त्र्यंबकेश्वर' हे नाव रूढ रोमन लेखनातही १३ अक्षरांचेच भरते. इस्कीत त्याला १३ बाइट लागत. रोमन व देवनागरी येथे समान पातळीवर होत्या. आज जालावर सर्वत्र चालणाऱ्या यू.टी.एफ.-८ या पद्धतीत रोमन अक्षरास १ बाइट, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेतास ३ बाइट लागतात. म्हणजे त्याच नावाचे ३९ बाइट होतात. भाषेची प्रारूपे मजकूर तुकड्यांत तोडून वाचतात. हे तुकडे प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावरून ठरविले असतील, तर मराठी वाक्याचे तुकडे समानार्थी इंग्रजी वाक्याहून अधिक पडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी कार्डाला माहितीची तीच ने-आण पुन्हा करावी लागते. बारा पटींची मर्यादा येथेच आड येते. एकच कार्ड इंग्रजीसाठी वेगवान आणि मराठीसाठी मंद ठरते. केवळ इंग्रजी मजकुरावर घेतलेल्या चाचणीत हा फरक उमटणारच नाही.

ग्रामीण महाविद्यालयांत जुने संगणक निर्लेखित होतात तेव्हा डेड स्टॉक नोंदवहीत 'संगणक, नग १' एवढीच नोंद बहुधा खोडली जाते. आत कोणते कार्ड होते, कोणत्या फाँटात कोणते प्रवेश अर्ज, इतिवृत्ते अथवा वार्षिक अंक तयार झाले, याची नोंद नसते. त्या यंत्रांवरील फाइल इस्कीत आहे की फाँटबद्ध, हे निर्लेखनापूर्वी पाहून लिहून ठेवण्यास यंत्रामागे काही मिनिटे पुरतात. इस्कीतील 'त्र्यंबकेश्वर' आज कोणत्याही भ्रमणध्वनीवर वाचता येण्याजोगे करता येते. फाँटबद्ध 'त्र्यंबकेश्वर' वाचण्यासाठी तो फाँट, त्याची सारणी आणि ती कोणत्या साली वापरात होती हे सांगणारी व्यक्ती, यांपैकी काहीतरी शिल्लक असावे लागते.